बसल्या जागची दिवाळी

सुटी आणि प्रवास हे शब्द आतां आपल्या घराघरांतून इतके जोडीनें वावरूं लागले आहेत कीं, एकाचें नांव काढलें असतां दुसरें आपोआप पाठोपाठ येतें. शाळा बंद होण्यापूर्वीं महिना दोन महिने आगगाडीचीं तिकिटें काढलेलीं असतात. कोणी कोंकणांत जातें, कोणी महाबळेश्वरीं, कोणी मुलाकडे परदेशीं. जे कोठें जात नाहींत तेहि गांवांतल्या गांवांत फिरतच असतात. खरेदी, भेटीगांठी, फराळाचे डबे पोंचविणें, पहांटेच्या गाण्याच्या बैठकी, सायंकाळची रोषणाई, असा दिवाळीचा सारा थाट पायांवर उभा असतो.

अशा या चालत्याबोलत्या सणांत एखाद्या घरीं एक माणूस असा असतो कीं, त्याची धांव पलंगापासून व्हरांड्यापर्यंतच असते. खुब्याचें हाड मोडलेली आजी असेल, गुडघ्याचा सांधा नवा बसविलेले आजोबा असतील, किंवा दुचाकीवरून पडून घोटा जायबंदी झालेला ऐन उमेदींतला तरुण असेल. त्याचें दुखणें जिवावरचें नाहीं, म्हणून त्याची फारशी काळजी कोणी करीत नाहीं. आणि तो पुरता बराहि झालेला नाहीं, म्हणून सणाच्या धामधुमींत त्याला कोणी धरीतहि नाहीं. या मधल्यामध्यें अडकलेल्या माणसाविषयीं आज चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आम्ही केवळ पुस्तकें वाचून मांडीत आहों असें मात्र कोणीं समजूं नये. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांतल्या पावसांत जिन्याच्या ओल्या पायरीवरून आमचा पाय घसरला आणि उजव्या नडगीचें हाड दोन ठिकाणीं मोडलें. शस्त्रक्रिया होऊन आंत धातूची पट्टी व स्क्रू बसले. दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांनीं आम्हांस वॉकरच्या आधारानें, उजव्या पायावर भार न देतां, उभें केलें. दिवाळी आली तेव्हां अकरावा आठवडा चालू होता व उजव्या पायावर थोडाथोडा भार देण्याची परवानगी नुकतीच मिळाली होती. पलंगापासून व्हरांड्यापर्यंत २२ पावलें. तेवढें आमचें राज्य.

अशा वेळीं समाचारास येणारी मंडळी दोन प्रकारचें सांत्वन हमखास करतात. "बरें झालें, एरवीं तुम्हांला विश्रांति कोठें मिळाली असती?" हा एक प्रकार, आणि "याहून वाईट झालें असतें, देवानें थोडक्यांत वांचविलें," हा दुसरा. दोन्ही वाक्यें सद्‌हेतूनेंच उच्चारलेलीं असतात. परंतु पहिलें बोलणारा पुढच्या क्षणीं ताडकन् उठून जिना उतरून जातो, आणि दुसऱ्यानें कृतज्ञता उत्पन्न होण्याऐवजीं न झालेल्या संकटांचीं चित्रें तेवढीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. विश्रांति गोड लागते ती कामाच्या पाठीवर. नुसतें पडून राहणें याला विश्रांति म्हणत नाहींत.

आम्हांस त्या दिवसांत खरा आधार वाटला तो आपल्या जुन्या पंचांगाचा. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत भगवान् विष्णु शेषशय्येवर निजलेले असतात, अशी आपली श्रद्धा आहे. एरवीं गांवोगांव भ्रमण करणारे संन्यासी व यति पावसाळ्यांत एकेच ठिकाणीं मुक्काम करतात, आणि त्यास कोणी तुरुंगवास म्हणत नाहीं. कांहीं जण तर क्षेत्रसंन्यास घेऊन एखाद्या क्षेत्राची सीमा आमरण न ओलांडण्याचें व्रत स्वीकारीत. एका जागीं राहणें ही आपल्या पूर्वजांच्या मतें शिक्षा नव्हती. ती एक रीति होती, आणि तिला मुदत व नियम होते. गंमत अशी कीं, दिवाळी ही चातुर्मासाच्या पोटांतच येते. देव अजून उठलेले नसतात आणि आपण दिवे लावतों. नडगीचें हाड पुरतें भरून येण्यासहि साधारणतः तीन ते चार महिने लागतात. तेव्हां आमचाहि हा एक चातुर्मासच, असें आम्हीं मनाशीं ठरविलें. आणि मुदत ठरली कीं मनाची तगमग निम्मी कमी होते, हा अनुभव आला.

आतां हाड कसें जुळतें तें थोडें पाहूं. कारण पुढें जें सांगावयाचें आहे त्याचें मूळ त्यांतच आहे. हाड मोडलें म्हणजे त्या जागीं प्रथम रक्त सांकळतें. दोन तीन आठवड्यांत तेथें एक मऊसर दुवा तयार होतो. पुढें त्यांत क्षार भरून तो कठीण होतो. आणि मग कित्येक महिने शरीर त्या ओबडधोबड जोडाला तासून पूर्वींचा आकार देत राहतें. या शेवटच्या कामासंबंधीं यूलियस वोल्फ या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९२ सालीं एक महत्त्वाचा नियम मांडला. हाडावर ज्या दिशेनें व जितका भार पडतो त्याप्रमाणें हाड आपली घडण बदलतें. भार मिळाला तर तें बळकट होतें, भार काढून घेतला तर तें विरळ होतें. म्हणूनच डॉक्टर रोग्यास ठरलेल्या मुदतीनंतर हळूहळू भार द्यावयास लावतात. अवेळीं दिलेला भार जोड मोडतो, आणि वेळ आली असतां न दिलेला भार जोड कच्चा ठेवतो.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, मनाचेंहि असेंच आहे. घरीं बसलेल्या माणसाचें समाधान पुष्कळदां त्याच्या सेवेच्या प्रमाणांत मोजलें जातें. पाणी हातांत, चहा हातांत, उशी पाठीशीं. मग याला कमी काय आहे? कमी असते ती भाराची. ज्याच्यावांचून घरांत कांहींच अडत नाहीं, त्याला कितीहि उशा दिल्या तरी टोंचतातच. समाधान हें कमी मागण्यांत नाहीं आणि पुष्कळ मिळण्यांतहि नाहीं; आपल्या शक्तीपुरता घरचा वांटा उचलण्यांत आहे.

आमच्या घरीं फराळाची तयारी सुरू झाली तेव्हां सूनबाई प्रेमानें म्हणाल्या, "बाबा, तुम्ही कांहीं करूं नका, नुसते स्वस्थ बसा." त्या वाक्यांत माया होती, पण आम्हांस तें ऐकून घरांत पाहुणा झाल्यासारखें वाटलें. तेव्हां आम्हीं विनंति केली कीं, स्वस्थ बसण्याऐवजीं आम्हांस जेवणाच्या टेबलाशीं बसवावें. चकलीचा सोऱ्या बसल्या बसल्या उत्तम फिरवितां येतो. कागदावर चकल्या पाडाव्या आणि दुसऱ्यानें त्या कढईकडे न्याव्या. करंजीची कड कातण्यानें कापणें, चिवड्यासाठीं खोबऱ्याचे पातळ काप करणें, अनारसे खसखशीवर थापणें, हीं सारीं कामें हातांचीं आहेत. त्यांत पायांचा कांहीं संबंध नाहीं. आमच्या पहिल्या चकल्या पाहून नातवंडें पोट धरून हंसलीं. तिसऱ्या घाण्यापर्यंत मात्र कांटे चांगले उठूं लागले, आणि "आजोबांच्या चकल्या" असा एक निराळा डबाच झाला.

आकाशकंदिलाचें काम तर बसणाऱ्याचेंच. कामट्या, रंगीत कागद, खळ आणि दोन उतावळीं मुलें एवढें साहित्य असलें म्हणजे दुपार कशी सरते तें कळत नाहीं. मुलांचा मातीचा किल्ला अंगणांत होता. तेथें आमचें जाणें शक्य नव्हतें. पण व्हरांड्यांतून बुरूज कोठें ढांसळतो आहे तें वरून अधिक चांगलें दिसतें, म्हणून किल्लेदाराचा हुद्दा आम्हांकडे आला. फराळाचे डबे कोणाकडे गेले, कोणाकडून आले, कोणाचा डबा परत करावयाचा राहिला, ही वही आमच्या हातीं आली. ही वही प्रत्येक घरीं गृहिणीच्या डोक्यांत असते, आणि तेथें ती किती भारी होते तें आम्हांस प्रथमच दिसलें.

वाचनाविषयीं सांगावयास नकोच. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारीं वाचनाचेंहि ताट मांडलेलें आहे. मात्र एकट्यानें डोळे शिणवून अंकामागून अंक संपविण्यापेक्षां दुपारीं एखादी कथा मोठ्यानें वाचावी, हें आम्हीं सुचवूं. घरांतलीं माणसें कामें करीत असतात, त्यांचे कान मोकळे असतात. वाचणाऱ्याला श्रोते मिळतात, आणि कोणी त्याची कींव करून शेजारीं बसलें आहे असें वाटत नाहीं.

या ठिकाणीं थोरामोठ्यांचे दाखले देण्याची प्रथा आहे. झाविये द मेस्त्र या तरुण सेनाधिकाऱ्यास १७९० सालीं तुरीन शहरीं द्वंद्वयुद्धाबद्दल ४२ दिवस खोलींत कोंडलें, तेव्हां त्यानें आपल्या खोलीभोंवतालच्या प्रवासाचें वर्णन लिहून काढलें. खुर्ची, पलंग, भिंतीवरचीं चित्रें हींच त्याचीं प्रवासांतलीं गांवें. चित्रकार मातीस यांची १९४१ सालीं पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढें बराच काळ त्यांना पलंगावर व चाकांच्या खुर्चींत काढावा लागला, तेव्हां त्यांनीं कात्री घेतली आणि रंगविलेल्या कागदांचे तुकडे कापून एक नवीच चित्रकला निर्माण केली. आपल्याकडे लोकमान्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत 'गीतारहस्य' लिहिलें, हें तर सर्वश्रुत आहे. या गोष्टी स्फूर्तिदायक आहेत यांत शंका नाहीं. पण दुखऱ्या पायाच्या माणसापुढें त्या फार मोठ्यानें सांगूं नयेत. नाहीं तर हाडाबरोबर ग्रंथहि पुरा झाला पाहिजे असें त्याला वाटूं लागतें. त्या थोर पुरुषांपासून घ्यावयाचें तें इतकेंच कीं, जागा लहान झाली तेव्हां त्यांनीं त्या जागेला बसेल असें काम शोधलें. आमच्या जागेला चकली बसत होती.

आतां घरच्या व्यवस्थेविषयीं कांहीं सांगणें जरूर आहे, कारण दिवाळीचे कांहीं प्रिय आचारच अशा माणसास धोक्याचे असतात. अभ्यंगस्नानाचें तेल घ्या. न्हाणीघरांतल्या फरशीवर तेल व उटणें सांडलें कीं धडधाकट माणूसहि घसरतो. म्हणून तेल खोलींतच लावावें, तळपायांस मुळींच लावूं नये. मग फरशी कोरडी करून, मजबूत खुर्चीवर बसवून स्नान घालावें, आणि भिंतीला धरावयास घट्ट दांडा असावा. पहांटेच्या काळोखांत स्नान व्हावें हा आग्रह त्या वर्षापुरता सोडावा. रांगोळी दारापुढें एका बाजूस काढावी. तिच्या भुकटीवरून पाय व काठी दोन्ही सटकतात. पणत्या चालण्याच्या वाटेच्या कडेस जमिनीवर न ठेवतां कट्ट्यावर ठेवाव्या. विजेच्या माळांच्या तारा वाटेंत आडव्या येऊं देऊं नयेत. पायपुसणीं व सतरंज्या गुंडाळून ठेवाव्या. रात्रीं पलंगापासून मोरीपर्यंत एक मंद दिवा जळत असावा.

काठी दुखऱ्या पायाच्या बाजूस नव्हे, तर त्याच्या उलट हातांत धरावयाची असते. जिना चढण्याची परवानगी मिळाल्यावर चढतांना चांगला पाय आधीं आणि उतरतांना दुखरा पाय आधीं, हा नियम मुलांनाहि तोंडपाठ करून ठेवावा. खुब्याचा सांधा बदललेल्यांस ठेंगण्या पाटावर बसणें व मांडी घालणें बहुधा वर्ज्य सांगितलेलें असतें. तेव्हां पंगतीचा हट्ट धरण्यापेक्षां त्या दिवशीं साऱ्यांनींच टेबलावर बसावें. आणि वॉकर धरणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. चष्मा, फोन, पुस्तक व पाण्याची झांकणाची बाटली ठेवण्यापुरती एक कापडी पिशवी वॉकरला बांधून दिली, तर दिवसांतून दहा वेळां हांक मारण्याचें वांचतें, दोघांचेंहि.

'दोघांचेंहि' हा शब्द आम्हीं मुद्दाम लिहिला. बसणाऱ्याच्या समाधानाविषयीं पुष्कळ बोललें जातें. परंतु त्याच्यासाठीं उठणाऱ्याचें काय? आपल्या घरांतून हें उठणें बहुतेक पत्नीच्या, लेकीच्या किंवा सुनेच्या वांट्यास येतें. सुटी इतरांना, आणि तिला मात्र दोन पाळ्या! आमच्या घरीं भाऊबिजेनंतर चार दिवस गुहागरास जाण्याचा बेत उन्हाळ्यापासून ठरलेला होता. पाय मोडल्यावर तो रद्द करावयाचा असें सर्वांनीं गृहीतच धरलें, सौभाग्यवतींनीं तर बोलूनहि दाखविलें, "तुम्हांला असें टाकून समुद्र बघायला माझें मन कसें घेईल?" परंतु गेल्या अकरा आठवड्यांत एकहि रात्र त्या सलग झोंपल्या नव्हत्या, हें आम्हांस ठाऊक होतें. एकानें बसावयाचें म्हणून साऱ्या घरानें बसावयाचें, यांत प्रेम दिसतें. पण त्याचें ओझें शेवटीं बसणाऱ्याच्याच छातीवर येतें. धाकटे बंधु चार दिवस मुक्कामास आले, आणि मंडळी गेली.

गाडी वळणापलीकडे गेली तेव्हां आमचा गळा दाटून आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्या सायंकाळीं घर फार मोठें वाटलें. शेजारच्या घरांतून हंसण्याचे आवाज येत होते, आणि आपण कोणाच्याच वाटेंत नाहीं ही जाणीव अतिशय दुःसह झाली. अशी एखादी संध्याकाळ येणारच. जे समाधानाचीं गोडवीं गातात त्यांनीं ती लपवूं नये. त्या वेळीं उपयोगी पडला तो आमचा ठरलेला नेम. दिवेलागणीस व्हरांड्यांत पणती लावण्याचें काम नातीनें आम्हांकडे सोंपविलें होतें व जातांना बजावलें होतें, "आजोबा, एकहि दिवस चुकवायचा नाहीं." दोन्ही हात वॉकरवर, तेव्हां पणती बंधूंनीं नेली, आम्हीं २२ पावलें चालून ती लावली. मग बंधु म्हणाले, "दादा, आतां परत कशाला? इथेंच बसूं." आणि चाळीस वर्षांपूर्वीं वडिलांनीं सांगितलेल्या गोष्टी आम्ही दोघे रात्रीं दहापर्यंत आठवीत बसलों. ती बैठक प्रवासास गेलों असतों तर झाली नसती. सौभाग्यवती परत आल्या त्या उन्हानें रापलेल्या आणि टवटवीत. आणि आम्हांस त्यांना विचारावयाला पुष्कळ होतें, हेंहि कमी सुख नव्हे.

समाचारास जाणाऱ्यांस एक विनंति. दुसऱ्या कोणाची शस्त्रक्रिया कशी बिघडली ही कथा दारांतच ठेवून यावें. आधीं विचारून यावें, अर्धा तास बसावें, आणि शक्य तर एखादें काम बरोबर आणावें: उलगडावयाचा कौटुंबिक वृत्तांत, तपासावयाची लग्नाची यादी, बोहारणीला देण्यापूर्वीं निवडावयाचे कपडे. भाऊबिजेस भावानें बहिणीच्या घरीं जावें ही रीत. परंतु भावाचा पाय बांधलेला असतां बहिणीनें निरांजन घेऊन त्याच्याकडे यावें, यानें शास्त्राचा कोणताहि अपमान होत नाहीं. आमच्या भगिनी आल्या, खुर्चीवरच ओंवाळलें, आणि ओंवाळणींत पुढच्या वर्षीं जिना चढून येण्याचें वचन घेऊन गेल्या.

एवढें सांगितल्यावर उलट बाजूचा इशाराहि दिला पाहिजे. समाधान फार मुरलें कीं त्याचें आळसांत रूपांतर होतें. खुर्ची सुखाची वाटूं लागली, मंडळी हातांत आणून देऊं लागलीं, आणि फराळाचे डबे जवळच असले, म्हणजे वजन वाढतें व स्नायु वाळतात. व्यायाम शिकविणाऱ्यांनीं सांगितलेले व्यायाम लक्ष्मीपूजनाच्या दिवशींहि चुकवूं नयेत. डॉक्टरांची हरकत नसेल तर पाऊल घोट्यांतून वर खालीं हलविणें हा साधा व्यायाम तासातासानें करावा, कारण त्यानें पायांतलें रक्त वाहतें राहतें. पोटरी एकाएकीं सुजली, तापली वा दुखूं लागली, किंवा धाप लागून छातींत दुखूं लागलें, तर सण आहे म्हणून वाट न पाहतां तात्काळ डॉक्टरांस कळवावें. ती रक्ताची गांठ असूं शकते. आहारांत नाचणी असावी. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तीळ, दूध, डाळी याहि हव्या, आणि सकाळचें ऊन हवें. व्हरांडा आम्हांस प्रिय झाला त्याचें एक कारण हेंहि आहे.

पावलांचा हिशेब मात्र जरूर ठेवावा. आमचा नातू रोज रात्रीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत आंकडा लिही. वसुबारसेस २२, पाडव्यास ६०, आणि कार्तिकी एकादशीस, ज्या दिवशीं देव उठतात, फाटकापर्यंत जाऊन येऊन ११०. हा आंकडा इतरांच्या हिशेबीं कांहींच नव्हे. परंतु ज्यानें तो मिळविला त्याला त्यांतलें एकेक पाऊल ओळखीचें असतें.

ज्या घरीं यंदां असा कोणी बसलेला असेल, त्या घरच्या मंडळींस आमचें सांगणें थोडकें आहे. त्याची वाट निर्वेध ठेवा, त्याची सेवा करणारीस चार दिवस मोकळें करा, आणि फराळाचें ताट त्याच्यापुढें ठेवण्यापूर्वीं एकदां सोऱ्या त्याच्या हातांत देऊन पाहा. आणि जो बसला आहे त्यास सांगणें असें कीं, पहिल्या चकल्या वांकड्या येतील. त्या आपणच खाव्या, आणि दुसरा घाणा घ्यावा.